बाटलीत उरलेलं काय?

औषधाचा नमुना आमच्या सरकारी प्रयोगशाळेत येतो तो लाखेच्या सीलसकट. त्या सीलचा ठसा वेगळ्या पाकिटातून येतो. आधी दोन्ही ठसे शेजारी धरून जुळवायचे, वहीत नोंद करायची आणि मगच पुडकं फोडायचं. नवखी होते तेव्हा हा सगळा सरकारी सोपस्कार वाटायचा. पुढे साक्षीला कोर्टात उभी राहिले तेव्हा कळलं, की वकिलाचा पहिला प्रश्न सीलवरच असतो. रसायनशास्त्राची पाळी फार उशिरा येते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी लहान मुलांच्या तापाचं सिरप माझ्या टेबलावर आलं. पॅरासिटामॉल, 5 मिलीत 125 मिलिग्रॅम. मी ते मोजलं, अगदी बरोबर भरलं. आम्लता ठीक, बाटलीतलं आकारमान ठीक. वही घेऊन ऐटीत साहेबांपुढे गेले. त्यांनी पान वाचलं आणि विचारलं, “म्हणजे 100 मिलीत अडीच ग्रॅम औषध. बरं. आणि उरलेलं काय प्यायलं पोर?”

मी लेबल वाचायला लागले. साखर, रंग, ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल…

“लेबल मीही वाचलंय. बाटलीत काय आहे ते सांगा.”

वही परत मिळाली. रागही आला, कारण मागितलेल्या चाचण्या मी चोख केल्या होत्या. पण साहेब 1986 पाहिलेले होते. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरीन पाजलं गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन 14 जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. 1988 साली आलेला त्यांचा अहवाल औषधनिर्माणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावावा असं माझं मत आहे. खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या कड्या कशा किडत जातात ते त्यात दिसतं.

हे डायएथिलिन ग्लायकॉल म्हणजे मोठं सोंगाडं रसायन. रंग नाही, वास जवळजवळ नाही, चव गोडसर, दिसायला ग्लिसरीनसारखंच. कारखान्यात त्याला रास्त उपयोग आहेत आणि औषधी दर्जाच्या ग्लिसरीनपेक्षा ते स्वस्त पडतं. पिंपावरचं लेबल बदललं, की डोळ्यांना फरक कळत नाही. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं रूपांतर होतं आणि त्यातून तयार होणारी आम्लं मूत्रपिंडाच्या पेशी मारतात. आधी उलट्या, पोटदुखी, मग लघवी कमी होत होत बंद. तापाच्या पोराला उलट्या झाल्या तर आई तापालाच दोष देते, आणि तोच डोस पुन्हा पाजते.

अमेरिकेत 1937 साली सल्फाचं औषध याच द्रवात विरघळवून ‘एलिक्सिर’ म्हणून विकलं गेलं. 105 माणसं मेली, त्यातली 34 मुलं. विकण्याआधी ते सुरक्षित आहे का हे तपासण्याचं बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हतं. कंपनीवर खटला झाला तो नावावरून: एलिक्सिर म्हटलं की त्यात अल्कोहोल हवं आणि यात ते नव्हतं. आपल्याकडे ज्याला ‘मिथ्याछाप’ म्हणतात, तो गुन्हा. 105 माणसांच्या मरणाला कायद्यात सापडलेला शब्द एवढाच होता. पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला.

पण रसायनाला कायदा वाचता येत नाही. 2022 मध्ये गाम्बियात अशाच विषारी सिरपने सुमारे 70 मुलं गेली. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातली मुलं खोकल्याच्या औषधानंतर आजारी पडली. त्यातली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली होती. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने त्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल असल्याचं सांगितलं. परवानगीची मर्यादा 0.1 टक्का आहे! म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली. याला भेसळ तरी कसं म्हणावं? गॅस क्रोमॅटोग्राफवर हे विष उघड दिसतं. यंत्र नसेल तर साध्या पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या (टीएलसी) पट्टीवरही त्याचा ठिपका धरता येतो. इतकंच काय, शुद्ध ग्लिसरीनचा अपवर्तनांक 1.47 आणि याचा 1.45च्या आत. पिंपातला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला असता तरी शंका आली असती. पद्धत होती, उपकरण होतं. पिंप उघडताना ‘आत खरंच लेबलावरचंच आहे का’ असं विचारणारं माणूस तेवढं हवं होतं.

साहेबांचा प्रश्न मी पुढे अन्न विभागात आले तेव्हा जास्त कळला. औषधात बहुतेक वेळा हलगर्जी असते. अन्नात मात्र भेसळ करणारा आमची चाचणी आमच्याइतकीच नीट शिकलेला असतो. दुधात आपण काय मोजतो? स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ. मग पाणी घालून तेलाने पहिला आकडा आणि युरियाने दुसरा भरून काढायचा. चीनमध्ये 2008 साली हेच झालं. तिथे दुधातली प्रथिनं नत्रावरून मोजत, म्हणून नत्राने भरलेलं मेलामाइन दुधात घातलं. सुमारे 3 लाख मुलं आजारी पडली आणि सहा दगावली. आकडे सगळे पास होते.

तुपाची गोष्ट त्यातल्या त्यात गमतीची. वनस्पती तुपात 5 टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती आपल्या कायद्यातच होती, भेसळ पकडता यावी म्हणून. वितळलेल्या तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं आणि खालचा थर किरमिजी झाला, म्हणजे ‘डालडा’ घातलाय. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा नमस्कार. पण भेसळवाल्यांनी पामतेल आणि चरबी धरली. त्यात तिळाची खूण नाही, त्यामुळे चाचणी मुकी. शिवाय विदर्भातल्या सरकीवर पोसलेल्या जनावरांचं अस्सल तूपही रिफ्रॅक्टोमीटरवर वेगळा आकडा दाखवतं. म्हणून जुन्या नियमांत कपाशीच्या पट्ट्यासाठी मर्यादा वेगळी होती. ते ठाऊक नसलेल्या विश्लेषकाने एखाद्या प्रामाणिक गवळ्याला गुन्हेगार ठरवलं असतं.

निवृत्तीनंतर मी खाद्यविक्रेत्यांच्या प्रशिक्षणात शिकवते. दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा असा नियम आहे, त्यामुळे वर्ग भरतात. बरेचजण प्रमाणपत्रासाठीच येतात हे मला माहीत आहे. तक्ते आणि कलमं मी पहिल्या अर्ध्या तासात उरकते. मग जंतू वाढवायच्या अगारच्या थाळ्या काढते आणि ज्याला हात स्वच्छ असल्याची खात्री आहे त्याला पाची बोटं टेकवायला सांगते. दुसऱ्या दिवशी त्या थाळीचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. पाच बोटांच्या जागी पांढऱ्यापिवळ्या ठिपक्यांच्या पाच वसाहती. एका पेढेवाल्या काकांनी फोन केला, “बाई, हे माझंच का? पण आम्ही खवा कढईत चांगला परततो. उकळलं की सगळं मरतं ना?”

जंतू मरतो, काका. त्याने आधी टाकलेलं विष मरत नाही. हाताच्या जखमेतून स्टॅफिलोकोकस खव्यात पडला, खवा उन्हाळ्यात पाच-सहा तास उघडा राहिला, की नंतर अर्धा तास उकळूनही ते विष टिकतं. म्हणून भट्टीवर लक्ष ठेवण्याआधी बोटाची पट्टी आणि घड्याळ बघायचं. काकांनी दुसऱ्या दिवशी हातमोजे घेतले. तेच मोजे घालून ते नोटा मोजतात का हे मात्र मी विचारलेलं नाही.

नवरात्र आलं की भगरीचा फोन ठरलेला. उपासाची भगर खाऊन चक्कर, उलट्या, अंगाला कंप. एकाच गावात कितीतरी माणसं. यात भेसळवाला बहुधा नसतोच. भगर ओल धरते, दळलेली तर फारच लवकर, आणि दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. बुरशीचं विष शिजवून जात नाही. सुटं पीठ आणू नका, पाकिटावरची तारीख बघा, भगर निवडून, धुऊन घरी थोडीथोडीच दळा.

पण या फोनांनंतर प्रयोगशाळेत काय येतं? बहुतेक वेळा दुकानातल्या पोत्यातली भगर, जी त्या माणसांनी खाल्लेलीच नसते. बुरशी वाढवून ओळखायला आम्हाला पाच दिवस लागतात, आणि पाच दिवसांनी आम्ही चुकीच्या पोत्याबद्दल अचूक अहवाल देतो. खाल्लेलं अन्न कोणी ठेवलेलं नसतं. माणसं दवाखान्यात असताना घरातल्या कोणीतरी, चांगल्याच हेतूने, पातेली घासून टाकलेली असतात. औषधाचंही तेच. पोरगं दगावल्यावर त्या बाटलीकडे बघवत नाही म्हणून ती फेकली जाते.

तेव्हा एवढं करा. जेवणानंतर किंवा औषधानंतर घरात कोणी विचित्र आजारी पडलं, तर आधी दवाखाना गाठा. पण निघताना भांडी घासू नका. उरलेलं अन्न आहे त्याच डब्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवा. बाटली झाकणासकट, खोक्यासकट, पावतीसकट ठेवा, दुसऱ्या बाटलीत ओतू नका. बॅच नंबर फाटू देऊ नका. आणि अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या क्रमांकावर कळवा, फोन फुकट आहे.