पिण्याची बाजू मी आता घेत नाही

‘शुद्धीवर राहून हे काम होतच नाही,’ असे मी सफाई कामगारांच्या युनियनमध्ये वर्षानुवर्षे सांगत आलो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) चित्रपटात मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्षीत सांगते की, वास सोसावा म्हणून नवरा पिऊन उतरायचा. तेव्हा मला वाटले, आपलेच म्हणणे पडद्यावर आले. कामगाराच्या दारूबद्दल बोलणे म्हणजे त्याच्यावरच ठपका ठेवणे, अशी माझी पक्की समजूत होती. आता ती राहिलेली नाही.

आमचा एक सभासद कचऱ्याच्या गाडीवरून पडला, पाय मोडला. ऑपरेशन चांगले झाले. तिसऱ्या दिवशी मात्र तो घामाने निथळू लागला, हात थरथरू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले. सलाईन उपटून तो पळायला निघाला. आम्हाला वाटले, डोक्याला मार बसला. डॉक्टरांनी उलगडून सांगितले. दारू मेंदूला मंद करते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू उलटा जोर लावून स्वतःला जागा ठेवतो. दारू एकदम तुटली की तो जोर मोकाट सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग असा भ्रम होतो. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. तो वाचला. आम्ही ज्याला कामाची गरज म्हणत होतो तो आजार होता, त्यावर औषध होते, आणि आमच्या एकाही मागणीपत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

घाणीचे कारण खोटे नाही. पण तोच कामगार सुट्टीच्या दिवशीही सकाळी क्वार्टर शोधतो, यकृत सुजले तरी शोधतो, आणि त्याचे एटीएम कार्ड सावकाराकडे पडलेले असते. गटारात तर दारू दुप्पट घात करते. तिथला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. वाढला की नाकच बधिर होते आणि काही श्वासांत शुद्ध हरपते. प्यालेल्या माणसाला धोका कळायला आणि वर चढायला तेवढाही वेळ मिळत नाही. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणूस मेला की ठेकेदार म्हणतो, ‘तो प्यालेला होता.’ आमचे वाक्य असे त्याच्या कामी येते.

त्या सभासदाच्या बायकोने मला विचारले, ‘दादा, उद्या वारसा हक्कानं पोरगा लागला, तर त्यालाही प्यावंच लागंल का?’ लाड-पागे समितीच्या शिफारशींनी मिळालेल्या या हक्कासाठी मी भांडलो आहे. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता मी यंत्र, मास्क आणि हातमोज्यांच्या जोडीला व्यसनावरचे उपचार आणि त्यासाठी पगारी रजा मागतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ दारूशी निगडित विकारांनाही मानसिक आजारांत धरतो. त्यामुळे उपचारांची मागणी हक्काची आहे. आणि घरच्यांना कळकळीची विनंती : रोज पिणाऱ्याला कोंडून त्याची दारू एकदम तोडू नका. आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, आणि तो किती पितो हे डॉक्टरांना खरे सांगा.