गुळ्ळकायज्जीसमोर



दिवाळीनंतर आम्ही सांगलीहून गाडीने कर्नाटकातल्या तीर्थांना गेलो, तेव्हा श्रवणबेळगोळला दोन दिवस राहिलो. दोन डोंगरांमध्ये वसलेलं छोटंसं गाव, मधोमध कल्याणी तलाव. कन्नडमध्ये बेळ म्हणजे पांढरं, कोळ म्हणजे तळं, त्यावरून हे नाव. चंद्रगिरीवर भद्रबाहू स्वामी आणि सम्राट चंद्रगुप्त यांनी सल्लेखना घेतली, असं आपली परंपरा सांगते. समोरच्या विंध्यगिरीवर भगवान बाहुबली.

विंध्यगिरीला सहाशेहून जास्त पायऱ्या, कातळातच खोदलेल्या, आणि चढायचं अनवाणी. सासूबाईंचे गुडघे दुखतात. हे म्हणाले, "आई, तू खाली भंडारी बसदीत बस." डोलीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या खांद्यावर बसून मी देवाला जायची नाही." आणि गप्प झाल्या. मग मी म्हटलं, पहाटे निघू, दहा पायऱ्या झाल्या की बसू. ऊन तापायच्या आत आम्ही वर पोहोचलो.

57 फुटांची, अखंड दगडातली मूर्ती. गंग राजांचे सेनापती चामुंडराय यांनी इ.स. 981 च्या सुमारास ती घडवून घेतली. पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही आपल्या मराठीतली अक्षरं. मी वाचून दाखवली, तसा सासूबाईंचा चेहरा खुलला.

पण त्या सगळ्यात जास्त वेळ थांबल्या गुळ्ळकायज्जीच्या मूर्तीपाशी. कथा तुम्हाला ठाऊक असेलच. चामुंडरायांनी घडेच्या घडे दूध ओतलं, तरी अभिषेक पायापर्यंत पोहोचेना. एका गरीब म्हातारीने गुळ्ळकायी फळाच्या कवटीतून आणलेलं थोडंसं दूध वाहिलं आणि मूर्ती नखशिखांत न्हाली. ती म्हातारी म्हणजे कूष्मांडिनी देवीच, असं मानतात. चामुंडरायांनी तिचीच मूर्ती बाहुबलींसमोर उभी केली.

सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. घरून निवडून आणलेले मूठभर तांदूळ होते. "एवढेच आहेत गं," म्हणत त्यांनी ते बाहुबलींच्या चरणी वाहिले.

आपल्या मंदिरातही कलशाची बोली लागते, मोठा आकडा बोलणाऱ्याचं नाव माइकवर येतं. ते असू द्या, मंदिरं त्यावर चालतात. पण रोज पाणी गाळणाऱ्या, तांदूळ निवडणाऱ्या, मागच्या रांगेत बसणाऱ्या आजीला पहिला कलश कधी मिळतो? येत्या पर्वाला आमच्या महिला मंडळात मी हे विचारणार आहे. तुमच्या गावी तुम्हीही विचारा.