वाढत्या अंगाचा सिलिंडर

आपल्या मध्यमवर्गात वस्तू घेण्याचा एकच नियम आहे : घ्यायची तर एक माप मोठी घ्यावी. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, कुकर पाच लिटरचा (घरात माणसं तीन) आणि बूट असे, की पुढच्या पोकळीत कापूस बसावा. माझ्या मुंजीतला सदरा मी बी.कॉम.च्या निरोप-समारंभाला घातला आणि तेव्हाही तो खांद्यावरून ओघळत होता. त्यामुळे भाच्याने अमेरिकेतून फोन करून, "मामा, सिलिंडर मोठा घेऊ का रे?" असे विचारले, तेव्हा मी ताबडतोब "घे" म्हणालो. कसला सिलिंडर, हे नंतर विचारले. तत्त्व आधी आणि तपशील मागाहून, अशी आमच्या बँकेत पद्धतच आहे.

भाचा असतो सिॲटलला. पाण्याखाली बुडी मारून हिंडायचा त्याला नाद. पहिली बुडी त्याने मालवणला मारली, तेव्हा आम्ही कौतुक केले. कारण तिथले पाणी कोमट आणि वर आल्यावर समोर सोलकढी. सिॲटलच्या समुद्राला प्युजेट साउंड म्हणतात आणि त्याचे तापमान बारा महिने ७ ते १३ अंशांच्या दरम्यान असते. म्हणजे फ्रीजमधल्या बाटलीच्या नात्यातले. त्या पाण्यात जगातल्या सर्वांत मोठ्या जातीचा ऑक्टोपस राहतो आणि त्याला भेटायला हा आणि भाचेसून दर शनिवारी सकाळी जोडीने जातात. आम्ही लग्न झाल्यावर महाबळेश्वरला गेलो होतो. एकदाच.

ताईने, म्हणजे भाच्याच्या आईने, मला बजावले, "तू कॉमर्सचा ना? मग हिशेबाने पटव त्याला. म्हणावं, सोड हे!" मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो ते याच हेतूने. पण आकड्यांचे एक वाईट असते : ते मामाचे ऐकत नाहीत.

पहिली गोष्ट, या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असे लोक समजतात. नसतो. आत असते साधी हवा, आपण फुकट घेतो तीच, फक्त गाळलेली आणि कोरडी. ती कोंबतात मात्र दर चौरस इंचाला ३००० पौंड दाबाने. मोटारीच्या टायरच्या साधारण शंभरपट! आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर ए, बी, सी, डी आणि पुढे साल लिहिलेले असते ना, ती जशी पुढच्या तपासणीची मुदत, तशी याही सिलिंडरवर तपासणीची तारीख ठोकलेली असते. अमेरिकेत दर ५ वर्षांनी दाबाची परीक्षा. हे ऐकून आमच्या हिने आधी आमच्या सिलिंडरची कडी पाहून घेतली.

भाच्याकडे आजवर होता तो ॲल्युमिनियमचा, ८० घनफुटांचा. जगभर भाड्याने मिळतो तो बहुधा हाच. पण त्याला ८० म्हणतात, आत मावते सुमारे ७७ घनफूट. मला याचे जराही आश्चर्य वाटले नाही. ८० मंजूर होऊन हातात ७७ पडणे, हा व्यवहार मी काउंटरच्या आतल्या बाजूने वीस वर्षे पाहतो आहे.

आता खर्चाची बाजू. खाली हवेला महागाई असते. पृष्ठभागावर एक रुपयाला मिळणारा श्वास १० मीटरवर दोन रुपयांना, २० मीटरवर तीन आणि ३० मीटरवर चार रुपयांना पडतो, कारण भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा छातीला लागते. महागाई भत्ता नाही. त्यात पाणी थंड असले की माणूस कुडकुडत जास्त श्वास घेतो. अंगात जो कोरडा सूट घालतात, तो खोल गेल्यावर अंगाला आवळतो, म्हणून त्यातही हवा सोडावी लागते. ती बऱ्याचदा याच सिलिंडरमधून. आणि फारच गारठले, तर तोंडाशी हवा देणारे यंत्र बर्फ धरून उघडेच अडकू शकते आणि शिल्लक हवा भसाभसा निघून जाते. म्हणून थंड पाण्यासाठी ते यंत्रही वेगळ्या बनावटीचे घेतात. मालवणला पुरेल ती शिल्लक सिॲटलला पुरणार नाही, हे माझ्यासारख्या डोंबिवलीकरालासुद्धा कळले.

"पण मोठाच हवा तर ॲल्युमिनियमचाच मोठा घे. पोलाद कशाला? गंजेल," मी म्हणालो.

"मामा, ॲल्युमिनियमचा रिकामा झाला की तरंगतो."

"म्हणजे?"

म्हणजे असे, की हवेला वजन असते. ७७ घनफूट हवा म्हणजे सुमारे पावणेतीन किलो. भरलेला असताना बुडणारा हा ॲल्युमिनियमचा सिलिंडर हवा संपत आली की दोनेक किलोंच्या जोराने वर ओढू लागतो. नेमके वर येताना, जिथे सावकाश यायचे आणि मध्ये थोडे थांबायचे, तिथे! त्यावर उपाय म्हणून कमरेला तितके शिसे जास्त बांधायचे. कोरड्या सुटात आधीच इतकी हवा असते, की माणसाला बुडायला किलोगणती शिसे लागते. त्यात ही भर. पोलादाचा सिलिंडर मात्र रिकामा झाला तरी तळाकडेच झुकतो. खिसा रिकामा झाला तरी पाय जमिनीवर असणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. पोलादाबद्दल मला आदर वाटला. शिवाय पोलाद बळकट, त्याची भिंत पातळ चालते, म्हणून १०० घनफुटांचा पोलादी सिलिंडर त्या ॲल्युमिनियमवाल्यापेक्षा दोनेक इंच बुटका असतो. गंजण्याचे म्हणाल, तर दरवर्षी आत डोकावून पाहावे लागते आणि भरणारी हवा कोरडी लागते. किंमत जास्त. त्यावर दाबाचा आकडा ३४४२ लिहिलेला असतो. हा शेवटचा २ पाहून मला फार बरे वाटले. कुणीतरी पूर्णांकाच्या मोहात न पडता नेमका आकडा लिहिला होता.

वाढत्या अंगाच्या तत्त्वाने मी १३० चा सुचवला. भाचा हसला. १०० चा भरलेला साधारण १९-२० किलोंचा, १३० चा २४-२५. वर शिसे, सूट, पंखे. हे सगळे पाठीवर घेऊन मोटारीपासून पाण्यापर्यंत चालायचे आणि दमून भागून परत चढायचे. पाण्यात वजन हलके होते. पायऱ्यांवर होत नाही. मी १३० मागे घेतला.

एवढे झाल्यावर मी मूळ प्रश्न विचारला, "अरे, पण ८० मध्ये नेमकं अडलं कुठे?"

तो जरा घुटमळला. मागून भाचेसुनेचा आवाज आला, "मामा, मी सांगते. याची हवा आधी संपते!"

प्रकार असा होता. ती चणीने लहान, शांत, श्वास जपून घेणारी. ती अर्धा सिलिंडर शिल्लक घेऊन वर येते. हा धिप्पाड, त्याचा काटा तेव्हा लाल रेघेशी. आणि नियम असा, की ज्याची हवा आधी मर्यादेला येईल त्याच्यासाठी दोघांनी परतायचे. गेल्या महिन्यात ऑक्टोपस बिळातून नुकता बाहेर येत होता.

"आणि मामा, शिल्लक फक्त आपल्यापुरती नाही ठेवायची," ती म्हणाली. "तिथून वर येईपर्यंत दोघांना पुरेल एवढी प्रत्येकाजवळ हवी. घाबरलेल्या दोघांना. एकाचं यंत्र बिघडलं तर दुसऱ्याच्या सिलिंडरवर दोघं येतात."

मी पेन्सिल खाली ठेवली. जोडखाती मी हजारोंनी उघडली आहेत आणि फॉर्मवरच्या 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' या चौकटीत खूण करताना माझा हात कधी अडखळला नव्हता. इथे ती चौकटच नव्हती. मुद्दाम त्याच्या ८० च्या सिलिंडरवर त्यांच्या नेहमीच्या २० मीटरच्या बुडीचा हिशेब मांडला. दोघांची शिल्लक बाजूला काढल्यावर ऑक्टोपससाठी फार थोडी मिनिटे उरत होती. आणि माणूस मिनिटे वाढवायची म्हटली की शिल्लकेतूनच उचलतो, हे मला कुणी सांगायला नको.

ताईला मी एवढेच कळवले, की भाचा १०० चा पोलादी घेतो आहे आणि तो माझ्या सल्ल्याने.

"म्हणजे तू त्याला सोडायला नाही सांगितलंस?"

"नाही. मिनिमम बॅलन्स वाढवायला सांगितला."

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर तिने किमान शिल्लक म्हणजे काय, हे मला नीट समजावून द्यायला लावले, दोनदा. आता शनिवारी रात्री अकराच्या पुढे, तिकडे सकाळची बुडी आटोपली की भाच्याचा फोन येतो. ताई ऑक्टोपस दिसला का, हे विचारत नाही. "किती उरली?" एवढेच विचारते. तो आकडा सांगतो. मग ती म्हणते, "तिला दे फोन," आणि तिचाही आकडा विचारून घेते, कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी दोन्ही लिहिते आणि दिवा मालवते.