मागचे शॉकअप

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपमध्ये वजन पेलते ती स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगची उसळी जिरवते ते आतले तेल. नवा जोड घेताना मात्र दुकानात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: कडक आहे ना? खरे तर आधी पाहायला हवे ते गाडीवर रोज बसणाऱ्यांचे वजन.

कारखान्यातून येणारी मांडणी सरासरी स्वारासाठी केलेली असते. पण मुंबईच्या शीव कोळीवाड्यातली, म्हणजे गुरू तेग बहादूर नगर स्थानकाच्या आसपासची गाडी सकाळी एकट्याला कामावर नेते, संध्याकाळी डबलसीट धावते आणि रविवारी टाकीवर मूलही असते. (तिसरी सीट कायद्यात बसत नाही, रस्त्यावर दिसते.) पूर्व मुक्त मार्गावर दुचाकींना मनाई असल्याने दक्षिणेकडे जायचे तेही खालच्याच रस्त्यांनी: उखडलेले पेव्हर ब्लॉक, वर आलेली गटारांची झाकणे, बुजवलेले चर.

निवडीचे माप साधे आहे. मागचे चाक लोंबकळते ठेवून आसापासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे, मग स्वार बसवून तेच पुन्हा मोजायचे. दोहोंतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के असावा. ९० मिलिमीटर हालचाल असेल तर २७ च्या आसपास. खाचांची रिंग सी-पान्याने फिरवून हा फरक जुळवतात, म्हणजेच प्रीलोड बदलतात. त्याने स्प्रिंग कडक होते हा गॅरेजांतला जुना गैरसमज आहे. स्प्रिंगचा ताठपणा तोच राहतो, फक्त गाडी वर उचलली जाते. शेवटच्या खाचेवरही डबलसीट गाडी फारच बसत असेल तर जास्त ताठ स्प्रिंगच घ्यावी लागते, आणि एकट्याला ती टणक लागणार हेही तेव्हाच मान्य करावे लागते.

तेलाचे काम पटकन लक्षात येत नाही. रिबाउंड, म्हणजे दाबलेली स्प्रिंग परत उघडताना तेल करते तो अटकाव, फार सैल असेल तर गतिरोधकानंतर सीट दोनतीनदा डुलते. फार आवळला तर त्रास उलटा: सलग खड्ड्यांत चाक परत खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, शॉकअप दाबलेलाच राहत जातो आणि शेवटी धक्का थेट पाठीला बसतो. इथल्या रस्त्यांवर हा दुसरा दोष अधिक भोवतो, म्हणून रिबाउंड एकेक क्लिकच बदलावा. नायट्रोजन भरलेल्या शॉकअपात तेलाला सहजी फेस येत नाही, त्यामुळे लांबच्या खराब रस्त्यावर त्याची पकड टिकते. रोजच्या वडाळा-दादर फेरीसाठी त्यावर जास्तीचे पैसे घालण्याचे फारसे कारण नाही.

पुष्कळदा जुन्याचे ऑइल सील गेलेले असते आणि दांड्यावर तेल ओघळते. अशा वेळी मूळ मापाचा नवा जोड पुरतो. १९६१ साली स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही शॉकअप बनवणारी कंपनी मूळची मुलुंडची. आजही अनेक गाड्यांचे शॉकअप महाराष्ट्रातल्याच कारखान्यांत बनतात.

शॉकअपची लांबी मात्र हौसेने बदलू नये. लांब शॉकअपने मागची बाजू वर गेली की पुढचा काटा उभा होतो. हँडल हलके वळते, पण वेगात गाडी अस्थिर वाटू शकते. चेनचा ताण पुन्हा तपासावा लागतो. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि मेन स्टँडवर मागचे चाक जमिनीला टेकू शकते. गल्लीत गाड्या खेटून लावाव्या लागतात तिथे ही अडचण रोजची होते.