दोन खोल्यांतले घर

इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात, डेबेन नदीच्या काठी, वुडब्रिज नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या एका पोस्टमनच्या घरी १९४८ साली ब्रायन ईनोचा जन्म झाला. रॉजर त्याच्यानंतर अकरा वर्षांनी आला. भावाभावांत एवढे अंतर असले म्हणजे थोरला घर सोडून जातो तेव्हा धाकट्याची पाटी-पेन्सिलही सुटलेली नसते. एकाच छपराखाली वाढूनही दोघांच्या वाट्याला आलेले घर निराळे असते.

थोरला १९७३ मध्ये रॉक संगीताच्या एका गाजत्या वाद्यवृंदातून बाहेर पडला. १९७५ च्या आरंभी मोटारीच्या धडकेने जायबंदी होऊन तो खोलीत पडून होता. भेटीला आलेल्या मैत्रिणीने हार्पच्या जुन्या संगीताची तबकडी आणली. ती गेल्यावर त्याने महत्प्रयासाने ती लावली, आणि पुन्हा आडवा झाल्यावर ध्यानात आले की आवाज फारच बारीक राहिला आहे. उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस होता. हार्पचे सूर त्यात अर्धेमुर्धे बुडत होते. संगीत खोलीतल्या उजेडासारखे नुसते असू शकते, हे त्याला त्या असहाय पडून राहण्यात उमगले. १९७८ मध्ये विमानतळासाठी केलेल्या तबकडीवर त्याने या प्रकाराला ‘अँबियंट’ हे नाव घातले. आपल्या कानाला तानपुरा आठवेल; पण तानपुऱ्यापुढे गवई बसलेला असतो. इथे ती बैठक रिकामी ठेवलेली असते.

‘मिक्सिंग कलर्स’ हा दोघा भावांचा संग्रह मात्र एका खोलीत जन्मला नाही. सुमारे पंधरा वर्षे तो साचत गेला. रॉजर आपल्या घरी कीबोर्डवर सुचेल ते वाजवी आणि मिडी पद्धतीने नोंदवून भावाकडे धाडी. या नोंदीत ध्वनी नसतोच. कोणती पट्टी, कोणत्या क्षणी, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच तिच्यात असते: बोटांचे हस्ताक्षर म्हणावे असे काही. त्या हस्ताक्षराला आवाज कोणता द्यायचा, हे ब्रायन ठरवी, आणि हे काम तो पुष्कळदा आगगाडीच्या प्रवासात करी. धाकट्याने घरात बसून लिहावे आणि थोरल्याने वाटेवर वाचावे, असा हा व्यवहार. पोस्टमनच्या मुलांना तो परका वाटला नसावा.

अठरा रचनांचा हा संग्रह २० मार्च २०२० रोजी प्रकाशित झाला. तीनच दिवसांनी ब्रिटनमध्ये आणि चौथ्या रात्री भारतात टाळेबंदी पुकारली गेली. भावांनी ऐकणाऱ्यांना आवाहन केले, की घरातले वा खिडकीतून दिसणारे एखादे निवांत दृश्य टिपून पाठवा. कल्पना सुंदरच, परंतु तिला आधी खिडकी लागते. त्याच दिवसांत आपल्याकडचे मजूर डोक्यावर बोचके घेऊन शेकडो मैल गावाकडे चालत होते. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ रुळांवर झोपी गेलेले सोळा जण मालगाडीखाली सापडले. तेही घरीच निघाले होते. हा दोष संगीताचा नाही, तरी ते संगीत ऐकताना ती वाट मनातून पुसता येत नाही, आणि पुसू नयेही.

४ ऑगस्ट २०२१ रोजी दोघे भाऊ अथेन्समध्ये, अक्रोपोलिसच्या पायथ्याच्या प्राचीन दगडी नाट्यगृहात श्रोत्यांसमोर एकत्र बसले. उन्हाळा असह्य होता आणि शहराच्या उत्तरेची अरण्ये पेटलेली होती. त्या नाट्यगृहावर एके काळी देवदाराच्या लाकडाचे छप्पर होते. ते जाऊन शतके लोटली.