परळची खुर्ची, पुण्याची खुर्ची

पोटनिवडणूक लागली की गिरणगावाला झोप नसे. सार्वत्रिक निवडणुकीत साऱ्या राज्यात एकदम धुरळा उडे आणि आपला मतदारसंघ त्या गर्दीत कुठेतरी हरवून जाई. पोटनिवडणुकीत मात्र बडे पुढारी आमच्या गल्लीत येत. पाळी सुटायच्या वेळेला गिरणीच्या दारात सभा होत, संध्याकाळी चौकात. भिंती चुन्याने आणि गेरूने रंगत. चाळीच्या एकाच मजल्यावर लाल बावटेवाला आणि शिवसैनिक शेजारी शेजारी राहत. रात्री वाद चढला की दोन्ही घरच्या बायका मध्ये पडत, आणि सकाळी नळावर तोच विषय पुन्हा निघे. आम्ही पोरं दोन्हीकडचे बिल्ले गोळा करायचो.

१९७० सालची परळची पोटनिवडणूक अजून अंगावर येते. ५ जूनला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागेत खून झाला. माणूस कामगारांत उठणारा-बसणारा होता, त्यामुळे घराघरांत सुतक पडलं. त्यांच्या जागेसाठी ऑक्टोबरात मतदान झालं. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. सहानुभूतीची लाट येणार असं सगळे धरून चालले होते. निकाल लागला तेव्हा महाडिक दोन हजारांहून कमी मतांनी निवडून आले होते. शिवसेनेचा विधानसभेतला हा पहिला आमदार, आणि तो पोटनिवडणुकीतून आला. गिरणगावाची राजकीय कूस तेव्हाच बदलू लागली, असं माझं मत आहे. तो निकाल मला पटला नव्हता, आजही पटत नाही. पण तो तिथल्या मतदाराने दिला होता, इतकं निश्चित.

त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याची माझी इच्छा नाही. त्या पोटनिवडणुकीच्या मुळाशी रक्त होतं. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीवेळीही रक्त सांडलं. दलित पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीत दंगल पेटली, मोर्चात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. काँग्रेसच्या रामराव आदिकांच्या पाठीशी शिवसेनाही उभी होती, तरी कॉम्रेड डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे निवडून आल्या. आपल्या मताने दिल्लीला काहीतरी ऐकू जातं, ही खात्री त्या मतदाराला होती. मला आठवण येते ती त्या खात्रीची.

२०२२ सालची अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक पाहताना म्हणूनच वाईट वाटलं. आमदार रमेश लटके गेले, पत्नी ऋतुजा लटके उभ्या राहिल्या. शिवसेना फुटलेली, धनुष्यबाण गोठवलेला, हाती नवी मशाल. खरा कौल घ्यावा अशी ही वेळ होती. पण अर्ज मागे घ्यायच्या दिवशी भाजपने आपला उमेदवार काढून घेतला. दिवंगताच्या कुटुंबाचा मान राखावा ही भावना मोठी आहे, मी तिला कमी लेखत नाही. तरीही मतदाराचं काय? जेमतेम ३२ टक्के लोक बाहेर पडले. लटकेबाईंना ६६,५३० मतं मिळाली आणि दुसऱ्या क्रमांकावर १२,८०६ मतांसह ‘नोटा’ होतं. इतक्या माणसांनी रांगेत उभं राहून ‘कुणीच नको’ असं बटण दाबलं. परळात हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

पुढच्या फेब्रुवारीत पुण्याच्या कसबा पेठेत मात्र जुनी रंगत परतली. आमदार मुक्ता टिळकांच्या निधनाने रिकामी झालेली, भाजपची घरची म्हणावी अशी जागा रवींद्र धंगेकरांनी काँग्रेसकडे खेचून आणली. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीतून पुण्याचे खासदार गिरीश बापट कार्यकर्त्यांना भेटायला आले होते. त्या दृश्यावर टीकाही झाली, पण मला त्यात जुन्या पिढीची निवडणुकीवरची निष्ठा दिसली.

२९ मार्च २०२३ रोजी बापट गेले आणि पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. १९९६ पासून कायदा सांगतो की जागा सहा महिन्यांत भरा. मुदत वर्षाहून कमी उरली असेल तरच सूट, किंवा केंद्राशी बोलून निवडणूक आयोगाने अडचण दाखवली तर. इथे वर्षाहून अधिक मुदत शिल्लक होती. आयोगाने इतर निवडणुकांच्या कामाचं कारण दिलं, निवडून येणाऱ्याला फार काळ मिळणार नाही असंही सांगितलं. एक पुणेकर उच्च न्यायालयात गेला. डिसेंबरात न्यायालयाने ती कारणं फेटाळून निवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. २०२४ची सार्वत्रिक निवडणूक होईपर्यंत पुणे शहराला खासदार नव्हता.

परळात जागा जूनमध्ये रिकामी झाली आणि ऑक्टोबरात भरली. तेव्हा सहा महिन्यांचा हा कायदाही नव्हता.