हात आधी चाचपतो

दृष्टिहीन मुलांसाठी आणि ज्यांचे हात मनासारखे चालत नाहीत अशा मुलांसाठी मी संगणकाला जोडायची बटणं, पाट्या, छोटे कीबोर्ड बनवतो. या कामात माझ्या हातून झालेल्या चुका इथे मांडतो आहे, कारण प्रोजेक्टसाठी या विषयाकडे वळणारी इंजिनिअरिंगची मुलं आजही नेमक्या त्याच करताना दिसतात. बहुतेक चुकांचं मूळ एकच. हाताचं काम बटण दाबणं, एवढंच मी धरून चाललो होतो. हात दाबतो ते सगळ्यात शेवटी. त्याआधी तो चाचपतो, आणि मधूनमधून टेकतो.

पहिली पाटी मी टच सेन्सरवर केली. एमपीआर१२१ ही चिप बारा ठिकाणचा स्पर्श ओळखते, आणि हलणारा एकही भाग नसल्यामुळे मोडतोडीची भीती नाही. अ‍ॅक्रिलिकवर उठावाचे आकार चिकटवले, खाली तांब्याची पट्टी. आकाराला हात लागला की संगणकाने त्या प्राण्याचा आवाज काढायचा. एका अंधशाळेत ही पाटी मुलांपुढे ठेवली. पहिल्या मुलाने दोन्ही तळवे कडेला टेकवले आणि हळूहळू आत सरकवायला सुरुवात केली. गाय, कुत्रा, कोंबडा, सगळे एकदम ओरडू लागले. त्याने हात मागे घेतले आणि म्हणाला, "सर, मी अजून काही दाबलंच नाही."

माझ्या पाटीचा सगळा दोष त्या वाक्यात आला होता. डोळस माणूस आधी बघतो, मग बोट नेतो. त्या मुलाचं बघणंच बोटांनी होत होतं, आणि माझी पाटी बघितल्याबरोबर कामाला लागत होती. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर व्हॉइसओव्हर आलं, तेव्हाच हा प्रश्न सुटलेला होता. बोट फिरवलं की फोन फक्त नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली की काम करतो. हे मला माहीत होतं. पण ती फोनची गोष्ट म्हणून मी बाजूला ठेवली होती.

मग खटक्याच्या बटणांकडे आलो. मेकॅनिकल कीबोर्डचा नेहमीचा स्विच चार मिलिमीटर खाली जातो आणि साधारण दोन मिलिमीटरवर लागतो. ते पहिले दोन मिलिमीटर फार मोलाचे. तेवढ्यात बोटाला टेकता येतं, आकार ओळखता येतो, चुकीच्या जागी आल्याचं कळलं तर मागे फिरता येतं.

बटणांवर ब्रेल अक्षरं उठवताना मी ती मुद्दाम मोठी केली. छापील अक्षर मोठं केलं की वाचायला सोपं जातं, तसंच इथेही होईल असं गृहीत धरलं. पण ब्रेलच्या दोन टिंबांमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असतं ते उगीच नाही. सहाही टिंबं बोटाच्या एका पेरात मावावी लागतात. माझ्या मोठ्या अक्षरांवर मुलांना बोट फिरवून एकेक टिंब मोजावं लागत होतं.

यातलं काहीच मला घरी का कळलं नाही? कारण मी डोळे मिटून चाचणी घेत होतो. पाटीचा नकाशा मीच काढलेला, तो डोक्यात पक्का होता. डोळे मिटल्याने तो पुसला जात नाही.

सहा कळांच्या ब्रेल कीबोर्डमध्ये चूक प्रोग्रामची होती. प्रत्येक टिंबाला एक कळ असते, आणि एका अक्षराच्या सगळ्या कळा एकत्र दाबतात. भारती ब्रेलमध्ये 'क' म्हणजे टिंब १ आणि ३, 'म' म्हणजे १, ३, ४, 'ल' म्हणजे १, २, ३, आणि नुसतं १ म्हणजे 'अ'. मी पहिली कळ लागताक्षणी अक्षर ठरवत होतो. माझी बोटं सरावाने एकदम पडत. एक मुलगी 'कमल' लिहीत होती, तिची तर्जनी दरवेळी किंचित आधी पडायची आणि संगणक बोलायचा, 'अ, अ, अ'. तिला वाटलं आपलंच चुकतंय. ती पुन्हा पुन्हा लिहीत राहिली आणि मी शेजारी बसून "जरा एकदम दाब" असं तिलाच सांगत राहिलो. उपाय सोपा होता: शेवटचं बोट उचललं गेलं की मग अक्षर ठरवायचं. या कीबोर्डांची ती रूढ पद्धतच आहे. तिला दिलेल्या त्या सूचनेचं मला आजही वाईट वाटतं.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसोबत काम करताना टेकण्याचा प्रश्न समोर आला. कीबोर्डवर बसवायची भोकांची जाड पाटी, कीगार्ड, मला जुनाट वाटायची. म्हणून मी सपाट, देखणा कीबोर्ड केला. एका मुलीचा हात त्यावर ठरेचना. एका कळेसाठी चार कळा लागत. मी बटणं अजून मोठी करायच्या विचारात होतो. तिच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई म्हणाल्या, "आधी कोपराला टेकू द्या, मग बटणाचं बघू." उशी ठेवली, कीबोर्ड उजवीकडे तिरका केला, खाली न घसरणारी चटई घातली, वर कीगार्ड बसवला. तिच्या पूर्ण तळहाताचं वजन त्या पाटीवर आलं आणि एकच बोट भोकातून खाली गेलं. बटण तेच होतं.

शेवटची चूक पैशांची. तारा आणि जागा वाचवण्यासाठी मी बटणं सर्किटच्या खोक्यालाच सोल्डर करून टाकली. पुढे एका मुलाला हनुवटीने दाबायचं बटण हवं होतं, दुसऱ्याला पायाने. दोघांसाठी अख्खं खोकं नव्याने करावं लागलं. अशा स्विचसाठी ३.५ मिलिमीटरचं साधं सॉकेट कधीचं रुळलेलं आहे. २०१८ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या मागे अशी सॉकेटं ओळीने बसवली आहेत, ज्याला जे बटण जमेल ते त्याने लावावं म्हणून. तेव्हा या विषयावर प्रोजेक्ट करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: सर्किट पक्कं करण्याआधी अर्धवट पाटी एखाद्या मुलाच्या हातात द्या, काही न सांगता बघत बसा, आणि खोक्याला निदान दोन सॉकेटं ठेवा.